जुने टीव्ही गेम : यंत्र स्वस्त, पण हिशेब पुरता करा

शाळांना सुट्टी लागली की घरोघरी मुलांची टीव्ही गेमची मागणी सुरू होते. नवे यंत्र सर्वांनाच परवडत नाही, म्हणून जुन्याचा शोध घेतला जातो. कन्हेरीसारख्या गावातून बारामतीच्या दुकानात जा किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात. माल पारखता आला नाही, तर मालाच्या पैशांबरोबर एसटीचे भाडेही वाया जाते. म्हणून काही गोष्टी आम्ही येथे सांगत आहोत.

प्रथम प्रकार ओळखावा. १९९० च्या दशकात आपल्याकडे 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी कॅसेटचे गेम आले. त्यांचे मूळ यंत्र जपानच्या निन्टेंडो कंपनीचे, १९८३ सालचे. त्याच्या स्वस्त नकला आजही मिळतात. कॅसेटवर '९९९९ गेम' छापलेले असते, प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येतात. तेव्हा आकड्याला भुलून जादा पैसे देऊ नयेत.

दुसरा प्रकार डिस्कचा. सोनीचे 'प्लेस्टेशन २' हे २००० साली आले आणि २०१३ च्या सुरुवातीस त्याचे उत्पादन थांबले. म्हणजे यातील कोणतेही यंत्र आता दहा वर्षांहून जुनेच असणार. डिस्क वाचणारी लेन्स वापराने कमजोर होते. मग डिस्क फिरते, पण गेम उघडत नाही. कॅसेटच्या यंत्रात असा फिरता भाग नसतो. तेथे बहुधा कॅसेटच्या पट्ट्यांवर मळ साचतो. फुंकर मारल्याने ओलावा जाऊन गंज चढतो. त्यापेक्षा त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्याव्यात.

परदेशातून आलेले यंत्र असेल तर त्यावरचा व्होल्टचा आकडा अवश्य वाचावा. जपानची वीज १०० व्होल्टची, अमेरिकेची १२०, आपली २३०. फक्त १०० किंवा १२० व्होल्टचे यंत्र थेट आपल्या प्लगला लावले, तर ते जळण्याचा धोका असतो.

आता खर्चाचे. समजा, जवळ ३,००० रुपये आहेत. सगळे यंत्रातच घालू नका; निदान १,००० मागे ठेवा. अडॅप्टर, दुसरा कंट्रोलर, मेमरी कार्ड यांचा खर्च नंतर निघतोच. शिवाय घरचा टीव्ही पाहून जा. जुन्या यंत्रांना पिवळी, पांढरी, लाल अशी पिन लागते. टीव्हीला ती सोय नसेल, तर कन्व्हर्टरचा खर्च वाढेल.

पैसे देण्यापूर्वी यंत्र दुकानातच लावून अर्धा तास चालवून पाहावे. प्रत्येक बटण दाबावे. दोन-तीन वेगवेगळ्या डिस्क घालून पाहाव्यात. खेळ साठवून, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. पावतीवर यंत्राचा क्रमांक आणि बदलून देण्याची मुदत लिहून घ्यावी. चालवून दाखवण्यास जो तयार नाही, त्याच्याकडचा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. घरी आणल्यावर बंद पडलेले यंत्र सर्वांत महाग पडते.