घर तेच, राज्य मात्र बदललं!

बालमित्रांनो, आज एक कोडं घालते. समजा, गोंदियातल्या एका आजोबांचा जन्म १९५२ सालचा आहे. त्यांनी आपलं राहतं घर कधीच सोडलं नाही. तरीसुद्धा ते तीन राज्यांत आणि दोन जिल्ह्यांत राहिले! कसं बरं?

ऐका तर. १९५२ साली गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं आणि भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली नि हा भाग मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. पुढे १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. घर जागच्या जागीच, सरकल्या त्या सीमा!

म्हणजे भूगोलातले शब्द दोन प्रकारचे. डोंगर, नदी, खोरे हे निसर्गानं घडवलेले. तालुका, जिल्हा, राज्य हे माणसांनी कारभारासाठी ठरवलेले. आपल्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली आणि पश्चिमेला भंडारा.

कधी कधी नदीच सीमा होते. बाघ नदी काही अंतर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरून वाहते. अशा सीमेला नैसर्गिक सीमा म्हणतात. ही बाघ पुढे वैनगंगेला मिळते, म्हणून ती वैनगंगेची उपनदी. दोघी भेटतात ती जागा म्हणजे संगम.

वैनगंगेचा उगम मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात. पुढे तिला वर्धा नदी मिळते, दोघींची प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. म्हणून आपण गोदावरीच्या खोऱ्यात राहतो. जेवढ्या प्रदेशाचं पाणी वाहत वाहत एका नदीला मिळतं, तो सगळा प्रदेश म्हणजे त्या नदीचं खोरं.

हे शब्द फक्त परीक्षेपुरते नाहीत बरं का! ऑगस्ट २०२० मध्ये सिवनी जिल्ह्यात जोराचा पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणातून पाणी सोडावं लागलं आणि इकडे वैनगंगेकाठच्या गावांत पूर आला. राज्य दुसरं, पण खोरं एकच. पाणी काही सीमेवर थांबत नाही.

आता आपल्या गावचे शब्द पाहू. गावाची हद्द म्हणजे शिव. दोन शेतांमधला बांध म्हणजे धुरा. चारी बाजूंनी बांध घातलेलं धानाचं शेत म्हणजे बांधी. आणि उतारावर मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवलं, की झाली बोडी किंवा तलाव. जिथून वाहून पाणी बोडीत येतं, ती जमीन म्हणजे बोडीचं पाणलोट क्षेत्र. येणारी वाट कुणी अडवली, तर भर पावसाळ्यातही बोडी भरत नाही. मग धानाला पाणी कुठलं? नुसती बोडी जपून भागत नाही, तिचा पाणलोटही जपावा लागतो.

चला तर, या रविवारी आजी-आजोबांना किंवा आईबाबांना सोबत घेऊन एवढं करा. वहीच्या पानावर गावाचा नकाशा काढा. शिव, बोडी, नाला, रस्ता दाखवा. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते निळ्या बाणांनी दाखवा. माणसांनी ठरवलेल्या सीमा लाल पेन्सिलीनं काढा. निळे बाण लाल रेघा कुठे कुठे ओलांडतात, ते मोजा पाहू!