जुना गुन्हा आणि मुलाचा ताबा
लोणंदला राहणाऱ्या मुलाच्या ताब्याचा अर्ज सातारा जिल्ह्यातल्या न्यायालयात करावा लागतो. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम १७ पालकाचं चारित्र्यही पाहायला सांगतं. म्हणून जुनी शिक्षा लपवू नये. पण तेवढ्यावरून ताबा जातोच असं नाही. तरुणपणी बाजारात झालेली मारामारी आणि घरातली मारहाण एका मापाने मोजणं चूकच.

२००८मध्ये पत्नीच्या हुंडाबळीचा खटला चालू असलेल्या वडिलांकडे मूल सोपवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. शिक्षा झालेली नव्हती; तरी खटला विचारात घ्यायलाच हवा होता, असं न्यायालयाने ठणकावलं. न्यायमूर्तींनी मुलालाही बोलावून विचारलं. त्याला आईच्या आईवडिलांकडेच राहायचं होतं, आणि ताबा त्यांनाच मिळाला.