कादंबरीतील प्राणी आणि त्यांना लाभलेली वाणी

पंचतंत्र आणि इसापनीती यांमुळे बोलणारे प्राणी आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्या कथांतील कोल्हा म्हणजे धूर्तपणा आणि सिंह म्हणजे सत्ता. तो कोल्हा खरोखर कोल्ह्यासारखा जगतो काय, असा प्रश्न तेथे कुणी विचारीत नाही. इंग्रजीतील अभिजात अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी मात्र निराळी वाट धरली. त्यांतील प्राणी माणसासारखे बोलतात, परंतु त्यांचा विचार त्यांच्या देहस्वभावातूनच उगम पावतो.

केनेथ ग्रॅहम यांच्या 'द विंड इन द विलोज' (१९०८) या पुस्तकाचेच उदाहरण घेऊ या. जमिनीखाली बिळे करून राहणारा मोल हा प्राणी येथे होडीतून सहली करतो, मित्रांबरोबर भोजन करतो. मात्र हिवाळ्यातील एका संध्याकाळी, त्याने सोडून दिलेल्या जुन्या बिळाचा गंध वाटेत त्याला येतो आणि तो व्याकूळ होऊन रडू लागतो. माणसाला घर आठवते. मोलला मात्र घराचा वास हाक मारतो.

रिचर्ड ॲडम्स यांनी 'वॉटरशिप डाऊन' (१९७२) लिहिताना रोनाल्ड लॉकली या निसर्ग-अभ्यासकाच्या रानसशांवरील ग्रंथाचा आधार घेतला होता. त्यांच्या सशांना चारापर्यंतच मोजता येते. त्यापुढील प्रत्येक संख्येला ते 'पुष्कळ' या अर्थाचा एकच शब्द वापरतात. भीतीने जागच्या जागी थिजून जाण्याच्या अवस्थेलाही त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे. प्रवासात त्यांना सशांची एक धष्टपुष्ट वसाहत भेटते. तेथे अन्न विनासायास मिळते, कारण एक शेतकरी ते आणून टाकतो आणि त्याच परिसरात फासही लावतो. अमुक ससा कोठे आहे, हा प्रश्न तेथे कुणी विचारीत नाही आणि विचारलाच तर त्याचे उत्तर मिळत नाही. पोट भरलेले आहे, पण सशाला जिवंत ठेवणारी सावधता त्यांनी गमावली आहे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू सी. एस. लुईस यांच्या 'नार्निया' मालिकेत (१९५० ते १९५६, एकूण सात पुस्तके) दिसते. 'द मॅजिशियन्स नेफ्यू' मध्ये अस्लान हा सिंह काही निवडक प्राण्यांना वाणी देतो. मुक्या प्राण्यांशी ममतेने वागा, परंतु पुन्हा त्यांच्या रीतीकडे वळू नका, अन्यथा ही देणगी जाईल, अशी समजही देतो. वाणी हा येथे हक्क नसून सोपविलेली ठेव आहे.

'द सिल्व्हर चेअर' मध्ये प्रवाशांनी राक्षसांच्या घरी खाल्लेले मांस बोलणाऱ्या हरणाचे होते, हे त्यांना नंतर कळते. नार्नियात नवखी असलेली जिल केवळ हळहळते. तेथे जन्मलेला पडलग्लम मात्र मुळापासून हादरतो. मालिकेच्या अखेरच्या पुस्तकात जिंजर नावाचा धूर्त बोका अस्लानवर विश्वास न ठेवता त्याच्या नावाने इतरांना फसवितो. शेवटी भयाने तो वाणीच गमावतो आणि साधे मांजर होऊन पळून जातो. उलट 'प्रिन्स कॅस्पियन' मध्ये रीपिचीप या शूर उंदराची शेपटी लढाईत तुटते, तेव्हा आपल्या नायकाला नाही तो मान आपल्यालाही नको, म्हणून त्याचे अनुयायी स्वतःच्या शेपट्या कापण्यास सिद्ध होतात. त्यांचे हे प्रेम पाहून अस्लान त्याची शेपटी परत देतो.

मोलचे नाक, सशाचे भय, उंदराची शेपटी: प्राणिस्वभाव या लेखकांनी कोठेही पुसून टाकलेला नाही. म्हणूनच वाणीचे मोल ठळकपणे जाणवते. ल्युसी ही मुलगी 'प्रिन्स कॅस्पियन' मध्ये एक अस्वस्थ करणारी शंका बोलून दाखविते: माणसे अंतर्यामी हिंस्र झाली आणि बाहेरून माणसासारखीच दिसत राहिली, तर ओळखावे कसे?

ही पुस्तके आपल्या मुलांच्या हाती देताना पालकांनी हा प्रश्न त्यांच्यापुढे अवश्य ठेवावा, असे आम्हांस वाटते. जिंजरची वाणी का गेली, सशांच्या त्या वसाहतीत 'कोठे' हा प्रश्न का विचारला जात नसे, याची उत्तरे मुलांना स्वतः शोधू द्यावीत. ती ऐकताना आपल्यालाही आपल्या बोलण्याकडे आणि आपल्या मौनाकडे पाहावे लागेल.