प्लूटोच्या चिमुकल्या चंद्रांचे फिरणे

२००६ साली प्लूटोला ग्रहांतून काढून बटुग्रहांत बसवले, हे आपण वाचले आहे. पण या बटूला पाच चंद्र आहेत! मोठा शॅरन १९७८ मध्ये सापडला. निक्स व हायड्रा २००५ मध्ये, केर्बेरॉस २०११ मध्ये आणि स्टिक्स २०१२ मध्ये हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत दिसले. निक्सची लांबी सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर-निपाणी अंतराहून थोडी जास्त.

हा शोध नुसत्या हौसेचा नव्हता. २००६ मध्ये निघालेले न्यू होरायझन्स यान सेकंदाला सुमारे १४ किलोमीटर वेगाने तिकडे चालले होते. अशा चंद्रांवरून उडालेला तांदळाएवढा कण जरी आदळला असता, तरी नऊ वर्षांचा प्रवास फुकट गेला असता. म्हणून तिथे कोण कुठून फिरते, हे आधी समजायला हवे होते.

आता फुगडी आठवूया. एक मुलगी थोराड, दुसरी किरकोळ असेल, तर फिरण्याचा मध्य थोराड मुलीकडे सरकतो, पण असतो दोघींच्या मध्येच. प्लूटो आणि शॅरन यांची अशीच ६.४ दिवसांची फुगडी चालते आणि चौघे लहान चंद्र त्या जोडीभोवती फिरतात. स्टिक्सला एका फेरीस सुमारे २०.२ दिवस लागतात, निक्सला २४.९, केर्बेरॉसला ३२.२, हायड्राला ३८.२. ६.४ ची तिप्पट, चौपट, पाचपट, सहापट करून पाहा. आकडे जवळ येतात, पण तंतोतंत जुळत नाहीत.

ठिपक्याएवढा चंद्र स्वतःभोवती किती वेळात फिरतो, हे कसे कळते? भुईमुगाची शेंग दोऱ्याला आडवी बांधा, अंधारात बॅटरीच्या उजेडात फिरवा. बाजू समोर आली की जास्त उजळ, टोक समोर आले की मंद. हे चंद्रही लांबट आहेत. त्यांच्या प्रकाशाचा चढउतार मोजून वेळ काढतात.

आपला चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो. हे चौघे तसे नाहीत. फुगडीमुळे त्यांच्यावरची ओढ सतत बदलते, म्हणून निक्स व हायड्रा बेशिस्त गडबडत असावेत, असे शोवॉल्टर आणि हॅमिल्टन यांनी जून २०१५ मध्ये मांडले. पुढच्याच महिन्यात, १४ जुलैला यान प्लूटोजवळून गेले. त्याच्या मोजणीत हायड्राची गिरकी चांगली नियमित निघाली, अवघ्या १० तासांची! प्लूटोभोवतीच्या एका फेरीत तो स्वतःभोवती सुमारे ८९ वेळा फिरतो. निक्स तर कलंडून उलट्या दिशेने फिरताना आढळला.