पदवीनंतरचा ठावठिकाणा

वाशी, नेरूळ, खारघर, कोपरखैरणे येथील महाविद्यालयांतून दरवर्षी जे पदवीधर बाहेर पडतात त्यांचे पुढे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर आता संस्थांना केवळ आस्थेपोटी नव्हे, तर दप्तरी पुराव्यानिशी द्यावे लागते. 2016 पासून प्रसिद्ध होणाऱ्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत पदवीधरांची फलनिष्पत्ती हा पाच प्रमुख निकषांपैकी एक असून, किती जणांना नोकरी लागली, किती उच्च शिक्षणाकडे वळले आणि नोकरदारांचे मध्यक वेतन किती, हा तपशील मुदतीत सादर करावयाचा असतो.

मध्यकाचा आग्रह मला सर्वथा उचित वाटतो. पाच जणांचे वार्षिक वेतन 2, 3, 4, 5 आणि 26 लाख असेल, तर सरासरी 8 लाख भरते, जी त्यांतील चौघांच्या हाती कधी पडलेलीच नसते. मध्यक मात्र 4 लाखांवर, वास्तवाच्या निकट, राहतो.

खरे कष्ट संकलनाचे. पत्ता बदललेला, दूरध्वनी बंद. ऐरोलीत रात्रपाळी करणारी एखादी मुलगी नियुक्तिपत्राचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर धाडते, तर त्यात तारखेचाच कोपरा कापलेला, आणि लिपिकाला पुन्हा विनंती करणे भाग पडते. ब्रिटनमध्ये ही विचारणा अभ्यासक्रम संपल्यावर सुमारे 15 महिन्यांनी होते, त्यामुळे पहिली नोकरी टिकली की नाही हेही उमगते. आपल्याकडेही घरच्या दुकानात बसलेल्यांना आणि स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासात गुंतलेल्यांना स्वतंत्र रकाना हवा. निरुत्तर राहिलेल्यांना बेकार समजू नये, तसेच त्यांना वगळून टक्केवारी फुगवूही नये.