तणाने खाल्लेले खत आणि भट्टीने खाल्लेले मँगनीज

येलदरीचे पाणी सिद्धेश्वरला अडवून पूर्णेच्या कालव्यात सोडण्याची योजना १९६८ साली पुरी झाली. त्या कालव्याखाली शेत कसणाऱ्यास एक गोष्ट शिकवावी लागत नाही. रानात तण माजले असता खत टाकणे म्हणजे तणाचेच पोषण करणे होय. आज आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते याच अनुभवाशी जुळणारे आहे. फक्त रानाच्या जागी जालन्यातील पोलादाची भट्टी समजावयाची.

जालन्याच्या कारखान्यांतून मोडीचे लोखंड आणि स्पंज आयर्न विजेच्या भट्टीत वितळवून घरबांधणीच्या सळया करतात. हा रस जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. त्यात मँगनीज व सिलिकॉन हवे. मँगनीज पोलादास बळ देते, आणि गंधकास आपल्याशी बांधून ठेवते. तसे झाले नाही, तर गंधक लोखंडाशी संयोग पावून लाटणाच्या उष्णतेत वितळते आणि सळईस तडे जातात. म्हणून रसात सिलिको-मँगनीजचे खडे टाकतात. विदर्भात भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गसारख्या खाणींत मँगनीजचे खनिज निघते. चंद्रपुरास त्यापासून असे मिश्रधातू तयार होतात.

परंतु टाकलेले सारे मँगनीज पोलादात राहत नाही. जेवढा भाग राहतो, त्यास 'प्राप्ती' म्हणू. समजा, दहा टन रसात मँगनीज अर्धा टक्का वाढवावयाचे आहे; म्हणजे शुद्ध मँगनीज ५० किलो हवे. खड्यांत ते ६० टक्के असल्यास आणि काहीच वाया न गेल्यास सुमारे ८३ किलो खडे पुरतील. प्राप्ती ९० टक्के असेल तर ९३ किलो लागतील, ८० टक्के असेल तर १०४ किलो. एका ओतीत अकरा किलोंचा फरक! यात पैसा जातोच. पण अधिक वाईट हे की, प्राप्ती दर वेळी बदलू लागली म्हणजे एका ओतीची सळई कणखर आणि दुसऱ्या ओतीची उणी निघते. घर बांधणाऱ्यास ते डोळ्यांनी कळत नाही.

मग हे मँगनीज खाते कोण? रसात विरघळलेला प्राणवायू आणि वर तरंगणारी लोह-ऑक्साइडयुक्त मळी. हेच आपले तण. गंजलेली मोड ते वाढवते. तेव्हा पहिला उपाय खुरपणीचा: मोड शक्य तितकी स्वच्छ घ्यावी, मळी काढून टाकावी, भट्टीतील मळी लेडलमध्ये येऊ देऊ नये. प्राणवायू आधी मारावा. ॲल्युमिनियम हे काम जोराने करते. पण ते अधिक झाले तर ओतण्याची बारीक नळी चोंदते, म्हणून मापानेच.

दुसरा उपाय वेळेचा व जागेचा. रस लेडलमध्ये पडू लागल्यावर, तळाशी काही साठला म्हणजे, धारेच्या खळाळात खडे टाकावेत. फेरोसिलिकॉन पोलादाहून पुष्कळ हलके. संथ रसावर टाकले तर मळीतच अडकून जळते. भुकटी झालेला मालही असाच वाया जातो. फार मोठे खडे वेळेत विरघळत नाहीत. तळातून आर्गॉन वायूचे मंद बुडबुडे सोडल्यास रस सारखा ढवळला जातो. पण जोर इतका नको की मळी फाकून रस उघडा पडेल आणि हवा खाईल. खडे कोरडे असावेत, कारण ओलाव्यातून हायड्रोजन शिरतो.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त, आणि बहुधा म्हणूनच उपेक्षित. रसाचे व खड्यांचे वजन अंदाजाने न घेता काट्यावर घ्यावे, आणि प्रत्येक ओतीची प्राप्ती वहीत लिहावी. प्राप्ती घसरली तर मोड, मळी, वेळ यांपैकी काय बदलले, हे वही दाखवील. वही नसेल तर भट्टीवाला भीतीपोटी पसाभर खडे जास्त टाकीत राहतो.

भंडाऱ्याच्या खाणीतले खनिज एकदा मळीत गेले की पुन्हा जमिनीत उगवत नाही. खत पुढच्या हंगामास तरी पुन्हा मिळते. मँगनीजला दुसरा हंगाम नाही.