किगाली आणि दुबई : दोन संकल्पांतील अंतर

हवामानविषयक आंतरराष्ट्रीय करारांचा अभ्यास करताना एक विसंगती प्रथमदर्शनीच लक्षात येते. शीतकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या काही वायूंचा वापर कोणत्या वर्षी किती टक्क्यांनी घटवावयाचा, हे करारात अंकांनी नमूद केलेले आहे. परंतु ज्या कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनाने तापमानवाढीचा सर्वांत मोठा भाग उद्भवतो, त्यांच्याविषयी असे बंधनकारक वेळापत्रक नाही. या भेदाची कारणे कोणती, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

क्लोरोफ्ल्युरोकार्बन वायूंपासून ओझोनच्या थरास धोका संभवतो, असे मोलिना व रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखविले. १९८७ च्या माँट्रियल कराराने या वायूंवर नियंत्रण आणले. पुढे त्यांची जागा हायड्रोफ्ल्युरोकार्बन वायूंनी घेतली. हे ओझोनला अपाय करीत नाहीत. मात्र त्यांपैकी एचएफसी-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या कालावधीत तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ घडवितो. एक दोष निवारताना दुसरा पत्करला गेला होता. तो दूर करण्यासाठी १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडातील किगाली येथे करारास दुरुस्ती जोडण्यात आली.

या दुरुस्तीचे मर्म तिच्या मोजमापात आहे. घराघरांतील शीतकपाटांतून किती वायू निसटतो, हे मोजणे दुष्कर होय. म्हणून करार उत्सर्जन मोजीत नाही. उत्पादनात आयात मिळवून निर्यात वजा केली की जो आकडा येतो, तोच देशाचा ‘वापर’ मानला जातो. उत्पादक कारखाने मोजके असल्याने ही नोंद शक्य होते. भारताच्या गटासाठी २०२४ ते २०२६ ही आधारवर्षे ठरली असून, २०२८ मध्ये वापर गोठवावयाचा, २०३२ मध्ये १० टक्के व २०४७ पर्यंत ८५ टक्के घटवावयाचा आहे. विकसित देशांनी मात्र २०१९ पासूनच कपातीस आरंभ करावयाचा होता. विकसनशील देशांचा वाढीव खर्च भागविण्यासाठी बहुपक्षीय निधी आहे, आणि कराराबाहेरील देशांशी या वायूंच्या व्यापारास प्रतिबंधाची तरतूदही आहे.

इंधनांच्या बाबतीत यांपैकी काहीच सिद्ध झालेले नाही. २०१५ चा पॅरिस करार उत्सर्जनाविषयी बोलतो. इंधनांच्या उत्पादनाविषयी तो मौन पाळतो, आणि उद्दिष्टे ज्या त्या देशाने ठरवावयाची असतात. २०२१ मध्ये ग्लासगो येथे कोळशाच्या ‘निर्मूलना’ऐवजी भारताच्या आग्रहावरून ‘घट’ हा शब्द आला. २०२३ मध्ये दुबई येथे ऊर्जाव्यवस्थेतील जीवाश्म इंधनांपासून न्याय्य व सुव्यवस्थित रीतीने दूर जाण्याचे आवाहन झाले. परंतु कोणी, केव्हा व कोणाच्या खर्चाने, हे अनिर्णित राहिले.

हा भेद केवळ इच्छाशक्तीच्या अभावाचा आहे, असे म्हणणे एकांगी ठरेल. शीतक वायू बदलला तरी शीतकपाट चालूच राहते. कोळसा बदलावयाचा तर वीजकेंद्रे, रेल्वेचे उत्पन्न, राज्यांचे स्वामित्वशुल्क व खाणकामगारांची उपजीविका या साऱ्यांचा विचार ओघानेच येतो. तथापि किगालीचा धडा उरतोच. मोजता येणारी वस्तू, देशपरत्वे भिन्न मुदती आणि खर्चाची निश्चित सोय या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच संकल्पाला बंधनाचे स्वरूप प्राप्त झाले. इंधनांच्या प्रश्नात केवळ शब्दांवर वाद घालीत राहण्यापेक्षा या तिहींची जुळणी कशी करता येईल, हाच अभ्यासकांपुढील खरा प्रश्न होय.